गहू न सोसणारे मूल

गहू हे वाईट धान्य नाही. हे आधीच सांगून ठेवतो. नाही तर हा धडा वाचून कोणी उद्यापासून घरातली पोळी बंद करील. ज्याला गहू पचतो त्याने तो खुशाल खावा. हा धडा आहे ज्यांना गहू अजिबात सोसत नाही अशा थोड्या मुलांविषयी, आणि त्यांच्यासाठी घरी राहून चूल सांभाळणाऱ्या आईबापांविषयी.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९७० सालाच्या सुमारास, सोलापूरकडच्या गावांत पोळी सणाला होत असे. एरवी सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी. पाहुणा आला आणि तो जावई असला तर पोळी. पुढे कालव्याचे पाणी आले, गव्हाचे नवे बियाणे आले, रेशनवर गहू मिळू लागला. २०२३ सालापासून तर रेशनचा गहू आणि तांदूळ फुकट मिळतो. ज्वारी मात्र बहुतेक वेळा विकत घ्यावी लागते. मग गरीब माणूस काय खाणार? गहूच खाणार. सकाळी चहाबरोबर बिस्किट, शाळेच्या डब्यात पोळीभाजी, दुपारी खारी नाही तर टोस्ट, रात्री पुन्हा पोळी. मूल उठल्यापासून निजेपर्यंत गहू खाते आणि आपल्याला ते कळतही नाही.

आमच्या आळीत एक घर आहे. नावे सांगत नाही, त्यांची पोर शाळेत जाते. आई एस.टी.त कंडक्टर आहे. पहाटेची पाळी असली की साडेचारला घर सोडते. बाप घरी असतो. आधी तो एका दुकानात कामाला होता. ते काम सुटले, आणि त्याच सुमारास पोरीचे दुखणे निघाले. तेव्हा नवराबायकोने बसून हिशेब केला. बायकोचा पगार पक्का, नवऱ्याची मजुरी कच्ची. घरी कोणीतरी एक राहायलाच हवे. मग तो राहिला.

पोर तेव्हा पाच वर्षांची होती, पण दिसायची तीन वर्षांची. हातपाय काटकुळे, पोट मात्र नगाऱ्यासारखे. दिवसातून चार-पाच वेळा पातळ, घाण वासाची शी. सारखी किरकिर. कोणी म्हणाले जंत झाले, कोणी म्हणाले नजर लागली. जंताचे औषध तीन वेळा दिले. रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या, पण रक्त वाढेना. आजीचा जीव तुटायचा. ती नातीला दुधात पोळी कुस्करून भरवायची. "खा गं बाई, अंगाला लागू दे," म्हणायची. ते खाणेच तिच्या अंगावर उठत होते, हे त्या माउलीला काय ठाऊक?

शेवटी शहरातल्या बालरोगतज्ज्ञाने रक्ताची एक वेगळी तपासणी सांगितली. दुखण्याचे नाव निघाले सीलिअ‍ॅक.

हे दुखणे कसे होते ते आता नीट समजून घेऊ.

घरी एक प्रयोग करून पाहा. मूठभर मैदा पाण्यात घट्ट मळा. गोळा अर्धा तास झाकून ठेवा. मग पाण्याच्या भांड्यात धरून तो हळूहळू चोळत धुवा. पाणी पांढरे होईल. ते ओता, पुन्हा नवे पाणी घ्या. पाच-सहा वेळा धुतल्यावर हातात काय उरते? रबरासारखा एक चिवट गोळा. ओढला तर ताणतो, सोडला तर आखडतो. ह्या चिवट भागाला ग्लुटेन म्हणतात. पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगतो, शेवई लांब ओढली जाते, ती ह्याच ग्लुटेनमुळे. गव्हात ते असते. जवात असते. परदेशात राय नावाचे धान्य पिकते, त्यातही असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, सगळ्या डाळी, साबुदाणा ह्यांत ते नसते.

आता पोटात चला. आपल्या लहान आतड्याचा आतला भाग टॉवेलासारखा असतो. टॉवेलाला जसे बारीक बारीक धाग्यांचे फासे असतात तशी आतड्याला नाजूक बोटे असतात. अन्नाचा रस ही बोटे शोषून घेतात आणि रक्तात धाडतात. काही माणसांचे शरीर मात्र ग्लुटेनला शत्रू समजते. त्याच्याशी लढता लढता ते आपल्याच आतड्याची बोटे झोडपून काढते. बोटे झिजतात, टॉवेलाचे फडके होते. मग कितीही खा, रस शोषला जात नाही. मूल वाढत नाही, रक्त कमी पडते, हाडे कच्ची राहतात. सगळ्यांनाच जुलाब होतात असे नाही. कोणाला नुसता पांडुरोग होतो आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही हटत नाही. मोठ्या माणसालाही हे दुखणे निघते.

हे दुखणे शिवाशिवीने होत नाही. उष्ट्याने होत नाही. ते रक्ताच्या नात्यात चालत येते. उत्तर हिंदुस्थानात, जिथे रोज गहू खातात, तिथे शंभर माणसांत एकाच्या आसपास ते आढळले आहे. दक्षिणेत, जिथे भात खातात, तिथे फार कमी. आपला महाराष्ट्र मधे आहे, आणि आपण आता पोळी खाणारे झालो आहोत.

गव्हाचा हा दोष कळला कसा, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी ह्यांनी १८८८ साली ह्या दुखण्याचे चांगले वर्णन लिहून ठेवले. हे बरे झाले तर पथ्यानेच बरे होईल, असेही त्यांनी ओळखले. पण कोणते पथ्य, ते उमगले नाही. ते पोरांना पावाचे पातळ काप दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून द्यायला सांगत. म्हणजे विष भाजून देत! भाजल्याने ग्लुटेन मरत नाही, तळल्याने मरत नाही, उकडल्यानेही मरत नाही.

पुढे हॉलंड देशात हेग शहरी विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. गव्हाचा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणसे उपाशी मरू लागली. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाल्ले. पाव मिळेनासा झाला. सगळा देश वाळत होता, पण ह्या दुखण्याची मुले मात्र सुधारू लागली. लढाई संपत आली, पाव पुन्हा आला, आणि तीच मुले पुन्हा आजारी पडली. डिके ह्यांनी मुलांची वजने आणि आहार काटेकोर लिहून ठेवले आणि १९५० साली आपला प्रबंध मांडला. गहू काढला की मूल सुधारते, गहू दिला की बिघडते. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दोष गव्हातल्या ग्लुटेनमध्ये आहे हेही दाखवून दिले. साधी गोष्ट, पण ती कळायला एवढा मोठा उपवास घडावा लागला.

अजूनही ह्या दुखण्यावर दुसरे औषध नाही. गहू आणि जव जन्मभर बंद, हाच उपाय. तो पाळला की आतड्याची बोटे पुन्हा उगवतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात धरा. संशय आला म्हणून आपल्या मनाने गहू बंद करून मग तपासणीला जाऊ नका. गहू बंद केला की रक्तातली खूण पुसली जाते आणि तपासणी खोटी ठरते. आधी रक्त तपासायचे. त्याला टीटीजीची तपासणी म्हणतात. मग डॉक्टर सांगतील तर दुर्बिणीने आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहायचा. निदान पक्के झाले की मग पथ्य.

पथ्य सांगायला एक वाक्य पुरते. पाळायला दिवस पुरत नाही. त्या बापाने पहिले काही महिने कसे काढले ते मी जवळून पाहिले आहे.

पहिला प्रश्न गिरणीचा. त्याने ज्वारी आणली, चांगली मंगळवेढ्याची मालदांडी. गिरणीतून दळून आणली. भाकरी सुरू केली. पोळी बंद, बिस्किट बंद. महिना झाला तरी पोरीचे पोट ठीक होईना. तो माझ्याकडे आला. "गुरुजी, गव्हाचा कण देत नाही, मग हे काय?" मी त्याला घेऊन गिरणीत गेलो. दोघेही तिथे उभे राहिलो. आधीच्या बाईचे गव्हाचे दळण संपले. गिरणीवाल्याने घोळ झटकला आणि त्याच पाळ्यांत ज्वारी ओतली. पहिले दोन ओंजळ पीठ कसले निघाले? ज्वारीत मिसळलेला गहूच की. शिवाय गिरणीत पीठ हवेत उडते ते वेगळेच. गिरणीवाल्याचा दोष नाही. गावची गिरणी अशीच चालते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पिठाने काय होते? तर हिशेब ऐका. एका पोळीत साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असते. त्या पोळीचे चाळीस तुकडे करा. त्यातला एकच तुकडा रोज पोटात गेला तरी ह्या दुखण्याच्या माणसाचे आतडे हळूहळू खराब होते, असे डॉक्टरांनी तपासून पाहिले आहे. चाळिसावा तुकडा म्हणजे केवढा? अंगठ्याच्या पेराएवढा.

घरात आजीचे जाते माळ्यावर पडून होते. त्याने ते उतरवले, टाकी लावून घेतली. आजी खुंटा धरायला बसली. पहिल्या दिवशी दोन मूठ तांदूळ दळून ते पीठ टाकून दिले, म्हणजे जुन्या गव्हाचे काही राहिले असेल तर निघून जावे. मग ज्वारी. पुढे वर्षाने त्यांनी पैसे साठवून घरघंटी घेतली, आणि तीत गहू कधी घालायचा नाही असे ठरवले. पण ज्यांना घरघंटी परवडत नाही त्यांच्यासाठी जाते आहेच. वाटीभर पीठ दळायला पाव तासही लागत नाही.

दुसरा प्रश्न भांड्यांचा. पोळपाट-लाटणे लाकडाचे असते, त्याच्या चिरांत कणीक बसते. धुऊनही निघत नाही. काटवटीचेही तसेच. म्हणून पोरीसाठी परात निराळी, तवा निराळा, चाळण निराळी. चाळणीच्या जाळीत पीठ अडकते, हे विसरू नका. त्याने तव्याच्या कडीला तांबडा दोरा बांधला. तांबडा दोरा म्हणजे पोरीचा. पाहुणीबाई आली तरी तिला कळावे. पुढे त्याच्या ध्यानात आले की एकाच घरात दोन स्वयंपाक म्हणजे रोजचा घोटाळा. तेव्हापासून सगळे घरच भाकरीवर आले. बायकोला पोळी आवडते, ती डेपोच्या कॅन्टीनमध्ये खाते.

आता भाकरी. बायांना हे सांगायला नको, पण घरी राहणाऱ्या बाप्यांना सांगायला हवे. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणजे पीठ धरून ठेवणारा गोंद नाही. म्हणून गार पाण्यात मळलेली भाकरी थापताना चिरते. पाणी उकळते घ्यावे. गरम पाण्याने पिठातले सत्त्व फुगते, चिकट होते आणि गोंदाचे काम करते. आधी उलथन्याने कालवावे, हात लावता येईल इतके निवले की तळहाताच्या मुळाने रगडून मळावे. जितके मळाल तितकी भाकरी नीट. थापून तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाणी फिरवावे. पाणी सुकत आले की उलटावी. मग विस्तवावर शेकावी, म्हणजे फुगते आणि पोपडा सुटतो. पीठ ताजे हवे. आठ-दहा दिवसांनी पिठाची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो, आणि भाकरी तुटते. बाजरीचे पीठ तर लवकर कडू होते. म्हणून थोडे थोडे दळावे.

त्याच्या पहिल्या भाकऱ्यांना काय आकार होता म्हणता! आजी म्हणाली, "अरे, ही भाकरी आहे का आपल्या तालुक्याचा नकाशा?" पोर मात्र हसत हसत खाई. महिन्याभरात त्याचा हात बसला. पारावरच्या लोकांनी त्याला बोलून घेतले ते वेगळेच. "काय रे, बायको गाडीवर अन् तू चुलीवर?" असे विचारणारे पुष्कळ. तो पहिल्यांदा मान खाली घालून जायचा. पुढे एक दिवस उलट म्हणाला, "पोरीचं औषध चुलीवर शिजतं, मी कंपौंडर हाय." तेव्हापासून निदान तोंडावर तरी कोणी बोलत नाही. मला विचाराल तर त्यात लाजण्यासारखे काही नव्हतेच. फौजेत आणि हॉटेलात पुरुषच रांधतात, तेव्हा कोणी हसत नाही.

तिसरा प्रश्न लपलेल्या गव्हाचा. पोळी-पाव डोळ्यांना दिसतात. रवा, मैदा, शेवया, दलिया, कुरडई हेही गव्हाचेच. कुरडई पांढरी शुभ्र दिसते म्हणून फसू नका, ती गव्हाच्या चिकाची. सातूच्या पिठात गहू नाही तर जव असतो. थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी मूठभर गहू टाकतात. आणि सगळ्यांत मोठा चोर म्हणजे हिंग. बाजारात डबीत मिळणारा हिंग निव्वळ नसतो, त्यात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. रोजच्या आमटीत चिमूटभर हिंग म्हणजे रोज चिमूटभर मैदा. त्या घरी आता फोडणीला मोहरी, जिरे आणि लसूण. हिंगावाचून काही अडत नाही.

नावांचाही घोटाळा होतो. जव वेगळे आणि जवस वेगळे. जव चालत नाही. जवस, म्हणजे ज्याची आपण चटणी करतो ते, खुशाल चालते. कोकणातली पानगी तांदळाची, केळीच्या पानात भाजलेली. ती चालते. विदर्भातले पानगे गव्हाचे, ते चालत नाहीत. एका मात्रेने सगळा फरक पडतो.

इथे तुमचे वाचणे कामाला येते. पाकिटातला प्रत्येक खाऊ घेताना मागची बाजू वाचा. त्यात काय काय घातले आहे ते छापावेच लागते. मजकूर हिंदीत असेल तर अक्षरे आपलीच आहेत. गेहूँ, मैदा, सूजी, जौ, माल्ट ह्यांपैकी एक शब्द जरी दिसला तरी पाकीट परत ठेवा. माल्ट म्हणजे मोड आणलेला जव. ताकदीच्या पुडीत, म्हणजे दुधात घालायच्या भुकटीत, तो पुष्कळदा असतो. मजकूर इंग्रजीत असेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही. काही पाकिटांवर ग्लुटेन-मुक्त असे छापलेले असते. सरकारी नियम असा की तसे छापायचे तर एका किलोत २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन असता कामा नये. अशी पाकिटे महाग असतात. ज्याच्या घरी ज्वारी-तांदूळ आहे त्याला त्यांची फारशी गरज नाही. अंगणवाडीच्या पाकिटातही गहू असू शकतो, तेव्हा बाईंना विचारावे.

पण मूल म्हटले की केक आणि बिस्किट आलेच. दुसऱ्याच्या वाढदिवसाला जायचे आणि कोरडे परत यायचे, हे त्या पोरीला फार लागे. एकदा रडत आली. म्हणाली, "बाबा, माझ्या वाढदिवसाला केक कापायचाच नाही का?" बापाने मनावर घेतले. चार वेळा फसला. पाचव्यांदा जमला. त्याची रीत देतो.

एक वाटी ज्वारीचे पीठ आणि अर्धी वाटी तांदळाचे पीठ दोनदा चाळून घ्या. त्यात चिमूटभर मीठ घाला. पाऊण वाटी बारीक चिरलेला गूळ अर्धी वाटी दह्यात विरघळवा. त्यात पाव वाटी तेल आणि एक पिकलेले केळे कुस्करून घाला. आता गोंद हवा. अंडी चालत असतील तर दोन अंडी फेसून घाला. चालत नसतील तर दोन चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात पाव तास भिजवा, ती बुळबुळीत होते, ती घाला. सगळे एकत्र करून लागेल तसे दूध घाला. भज्याच्या पिठापेक्षा थोडे सैल असावे. आता घाई करायची नाही. अर्धा तास झाकून ठेवा. ज्वारीचे पीठ सावकाश पाणी पिते. न भिजवता भाजले तर केक दाताखाली कचकचतो. त्याचे पहिले दोन केक ह्यानेच बिघडले होते.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन वाट्या जाडे मीठ पसरा, वर एक चकती ठेवा, झाकण लावून दहा मिनिटे तापवा. अर्धा चमचा खायचा सोडा पिठात घालून हलक्या हाताने ढवळा आणि लगेच तेल लावलेल्या डब्यात ओता. सोडा घातल्यावर ठेवू नये, त्याचा जोर जातो. डबा तापल्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर पाऊण तास भाजा. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. पण कापू नका. पुरता निवू द्या. गव्हाचा केक गरम असताना कापता येतो. हा गरम कापला तर त्याचा भुगा होतो. गोंद कमी आहे ना, निवल्यावरच तो आवळतो. त्याच पातेल्यात नाचणीच्या पिठाची नानकटाईही होते. तूप आणि पिठीसाखर फेसून त्यात मावेल तेवढे नाचणीचे पीठ, एवढेच.

सणावारी म्हणाल तर आपल्याकडे सोय पुष्कळ आहे. दिवाळीत करंजी आणि शंकरपाळी सोडायची. अनारसे, पोह्यांचा चिवडा, रवा न घातलेला बेसनाचा लाडू खायचा. संक्रांतीला तिळाचा लाडू. गणपतीला तांदळाच्या उकडीचे मोदक. होळीला आजीने पुरणाचेच मोदक केले. पुरणात डाळ आणि गूळच असतो, बाधते ते वरचे आवरण. उपासाच्या दिवशी तर पोर खूश असते. भगर, साबुदाणा, शेंगदाण्याची आमटी, सगळे चालते. ती विचारते, "आजी, रोजच एकादशी का नसते?"

अवघड जाते ते प्रसादाचे. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. पोरीने हात मागे घेतला की एखादी म्हातारी रागावते, "प्रसादाला नाही म्हणतात होय?" पहिल्या वर्षी आजीनेच तिला द्रोणातला घासभर शिरा भरवला होता. देवाचा प्रसाद कसा बाधेल, असे तिला वाटले. त्या रात्री पोरीने चार वेळा ओकारी केली, आणि पुढचे आठ दिवस पोट बिघडले. आजी उशाशी बसून होती. तेव्हापासून कुठे पूजा असली की तीच आधी त्या घरी जाते आणि सांगते, "आमच्या नातीला केळं ठेवा हो, देवापुढचं." देवापुढचे केळे हाही प्रसादच. लग्नाच्या पंगतीला मात्र ते डबा बरोबर नेतात. भात दिसतो साधा, पण पुऱ्या तळलेल्या तेलात भजी तळतात, एकच पळी सगळ्या भांड्यांत फिरते. तिथे कोणाकोणाला विचारीत बसणार?

शाळेत दुपारी भाताची खिचडी असते. बापाने मुख्याध्यापकांना आणि स्वयंपाकीण बाईंना भेटून सांगितले, फोडणीत हिंग नको. त्यांनी ऐकले. वर्गातली मुले डबे वाटून खातात, ते बंद करणे अवघड होते. मग पोरीला शिकवले, "दे सगळ्यांना, घे कोणाकडून नाही." तिचा डबा रिकामा होई म्हणून बाप दोन भाकऱ्या जास्त देऊ लागला.

पहिले काही आठवडे तिला दूधही पचत नव्हते. आतडे झिजलेले असले की असे होते. ते सावरले की दूध सुरू करता येते. डॉक्टरांनी लोहाचे आणि जीवनसत्त्वांचे औषध काही महिने दिले. दहा महिन्यांत तिचे वजन चार किलोंनी वाढले. नगारा बसला, गालांवर मांस आले. रक्त पुन्हा तपासले तेव्हा खूण बरीच उतरली होती. आता वर्षातून एकदा तपासतात.

हे दुखणे नात्यात चालते म्हणून डॉक्टरांनी आईबापांचे आणि धाकट्या भावाचेही रक्त पाहिले. तिघांचेही चांगले निघाले. पण लहान मुलात ते पुढेही उमटू शकते, म्हणून धाकट्याला दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासायचे आहे. आणि तपासणी खरी यावी तर त्याच्या पोटात गहू जात राहिला पाहिजे. घरात तर गहू आणायचा नाही! तेव्हा तो रोज संध्याकाळी शेजारी काकूकडे जातो, तिथे पोळी खातो, हात-तोंड साबणाने धुतो, आणि मग घरी येतो.